दादाची गाडी आणि तीन कार्बोरेटर

त्या वर्षी आमच्या घरात मोटरसायकल एक होती आणि कार्बोरेटर तीन. एक गाडीला लावलेला, दुसरा धानाच्या कोठीवर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला आणि तिसरा मायच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकून. घरात तेवढीच एक जागा कोरडी आणि उंदरांच्या वाटेबाहेरची आहे, असं दादाचं म्हणणं. माय रोज एकदा तरी ओरडायची, "वामन, तुयं हे पितळी लेकरू उचल इथून, नाई त एक दिवस वरणात टाकीन." दादा हसायचा आणि उचलायचा नाही. लाखोरीच्या डाळीचं वरण, वाफाळता भात, जवसाची चटणी आणि त्या सगळ्यावर तरंगणारा पेट्रोलचा बारीकसा वास. चांद्यातलं ते घर आठवलं की मला अजून आधी हा वास येतो, माणसं त्यानंतर दिसतात.

घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे आम्ही. मधे बांबूची तट्टी, तिला शेणमातीचा गिलावा, तोही जागोजागी निघालेला. बाबा शिलाईमशिनी, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, पंप असं सगळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दादानं दुकान धरलं. तट्टीच्या अलीकडे मी तांदूळ निवडत बसायची आणि पलीकडे काय चाललंय ते मला दिसायचं नाही, ऐकू यायचं. कानशीचा आवाज लोखंडावर वेगळा, पितळेवर वेगळा. बत्तीत हवा भरताना वॉशर सुकलेलं असलं की दट्ट्या फुसफुसतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा दादा एका पंपाशी सकाळपासून झगडत होता आणि मी आतूनच म्हटलं, "दादा, खालून हवा जाऊन राह्यली." त्यानं पाहिलं तर खालचा सांधा तडकलेला. त्या दिवसापासून तो अडला की तट्टीवर दोन बोटं वाजवायचा. "शांते, आयक बरं." मग मी सुपातला हात थांबवायची आणि ऐकायची. मायला हे आवडत नव्हतं असं नाही, पण लग्नाला आलेल्या मुलीला यंत्राचे आवाज कळतात हे चारचौघांत सांगण्यासारखं तिला वाटत नसावं.

गाडी होती लढाईतली. लष्करानं लढाई संपल्यावर लिलावात काढलेली, कुणाकुणाच्या हातांतून फिरत आमच्याकडे आली तेव्हा तिचा रंग शेवाळासारखा होता आणि बाजूची गाडी, म्हणजे साइडकार, गंजून जाळी झालेली. मेहबूबभाई लोहार दादाचा जिवाचा दोस्त. त्याची भट्टी आमच्या मागच्या गल्लीत. त्या दोघांनी साइडकारचा सांगाडा तेवढा ठेवला आणि त्यावर लांब, सपाट पाळणा बसवला, वर बांबूच्या कामट्यांचं छप्पर. गावोगावच्या धान कुटायच्या मशिनी दुरुस्त करायला जाताना त्यात अवजारं टाकायची, एवढाच आधी बेत होता. पण एक दिवस चामोर्शीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्टोव्ह दुरुस्तीला घेऊन दुकानात आल्या. बाई अमरावतीकडच्या, तिशीतल्या, एकट्या, बोलणं स्वच्छ आणि तोडून. त्यांनी तो पाळणा पाहिला, वाकून आत हात फिरवला आणि विचारलं, "यात माणूस आडवं झोपू शकेल?"

"झोपन नं," दादा म्हणाला.

"बाळंतीण बाई? अडलेली? जंगलातल्या गावांतून बैलगाडीनं आणेपर्यंत बायका वाटेत जातात माझ्या. पण धक्के बसता कामा नयेत. अगदी हळू चालली पाहिजे. चालेल?"

"चालन," दादा म्हणाला. तो 'चालन' ऐकून मेहबूबभाईनं भट्टीतून आणलेली सांडशी खाली ठेवली आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं. कारण दादाची गाडी तेव्हा कशीही चालत असली तरी हळू चालत नव्हती.

आता इथे कार्बोरेटरचं सांगायला हवं. माझा नातू हसतो. त्याच्या गाडीत किती पेट्रोल जायचं, किती हवा, ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो, आणि तो बटण दाबतो की झालं. आमच्या वेळी ते त्या पितळी भांड्याच्या तोंडावर आणि आपल्या हातावर होतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन खोकतं, तापतं. पेट्रोल जास्त झालं की गुदमरतं आणि काळा धूर ओकतं. गाडीला लावलेला कार्बोरेटर मूळचा, लष्करी, लहान तोंडाचा. झिजलेला होता, आतला सरकता पडदा सैल होऊन खडखडायचा आणि फटीतून नको तेव्हा हवा ओढायचा. कोठीवरचा होता मातीच्या तेलावर चालणारा. पेट्रोल फक्त चांद्यात मिळायचं, आत जंगलात दुकानदाराकडे मिळालं तर मातीचं तेलच, म्हणून मेहबूबभाईनं तो कुठून तरी मिळवला होता. त्याला दोन टाक्या लागायच्या, सुरुवात पेट्रोलवर, इंजिन तापलं की तेलावर. आणि मायच्या फळीवरचा तिसरा नागपूरचा. मोठ्ठा, वाटीएवढं तोंड असलेला, शर्यतीच्या गाडीवरून उतरवलेला.

तो नुसता कार्बोरेटर नव्हता. नागपुरात एक गॅरेजवाला शर्यतीच्या गाड्या तयार करायचा. दादा सुटे भाग आणायला गेला असताना त्यानं दादाचा हात पाहिला आणि बोलावणं दिलं: ये, माझ्याकडे राहा, गाड्या बनव, पुढे चालवशीलही. आणि जाताना हा कार्बोरेटर हातात ठेवला. दादा तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा. आम्हा दोघींना सोडून जाणं त्याच्या तोंडून निघत नव्हतं, आणि न जाणं त्याला झोपू देत नव्हतं. ते सगळं त्यानं त्या पितळेत घातलं होतं असं मला आज वाटतं. तो लावायचा की नाही हा प्रश्न आमच्या घरात महिनाभर जेवणाच्या पानावर होता, आणि त्या नावाखाली कोणता प्रश्न चाललाय हे तिघांनाही ठाऊक होतं.

आधी त्यानं तोच लावला. रामाळा तलावाच्या काठच्या मैदानात पहाटे गाडी नेली. काय तो आवाज! मोठ्या शंखात फुंकर मारावी तसा भरीव, आणि वेगाची मूठ पिळली की गाडी अशी निघायची की काठावरचे बगळे एकदम उठायचे. परत आला तेव्हा दादाचे डोळे वाऱ्यानं पाणावलेले आणि चेहरा उजळलेला. मेहबूबभाई म्हणाला, "अब धीरे चला के दिखा." दादानं हळू चालवली. दहा पावलांत इंजिन घुटमळलं, गाडीनं आचका दिला आणि बंद. पुन्हा लाथ मारून चालू केली, पुन्हा तेच. मोठं तोंड पेट्रोल ओतत होतं आणि हळू फिरणारं इंजिन ते पिऊ शकत नव्हतं. "सुई बदलतो," दादा म्हणाला, "जेटचं भोक लहान करतो." त्यानं सगळं केलं. आठवडाभर रोज केलं. वेगात गाणारी ती गाडी चालण्याच्या गतीवर आली की गुदमरायचीच.

मग मातीच्या तेलाचा. तो मेहबूबभाईचा हट्ट, आणि हट्ट शहाणपणाचा होता. गाडी चालली, हळूही चालली. पण तिच्या धुराचा असा वास की त्या दिवशी वाळत घातलेल्या मायच्या लुगड्यांना दिव्याच्या काजळीचा दर्प बसला. मायनं मला पाळण्यात झोपवलं आणि दादाला मैदानाला फेरी मारायला लावली. खाली उतरले तेव्हा माझं डोकं गरगरत होतं. "अडलेल्या बाईले या धुरात निजवतं काय?" माय म्हणाली. मेहबूबभाईनं दाढी खाजवली, "बाई सही बोल रही है," म्हणाला आणि स्वतःच्या हातानं तो काढून ठेवला.

उरला जुना. त्या संध्याकाळी दादा जेवायला बसला होता. वास्त्याची भाजी होती, म्हणजे कोवळ्या बांबूच्या कोंबांची, त्याच्या खास आवडीची, पण त्याचा हात भातातच फिरत होता. मायनं वाढता वाढता, त्याच्याकडे न बघता म्हटलं, "तुले जा वाटते त जा, वामन. आम्ही काही उपाशी नाई मरत. पण त्या बाईले 'चालन' म्हणून सांगतलं हाये तुनं."

दादा जेवला, हात धुतले, फळीवरचा मोठा कार्बोरेटर उचलला, त्याला तेलाचा हात लावला आणि आपल्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवला. सकाळी तो आणि मेहबूबभाई जुन्याच्या मागे लागले. झिजलेल्या पडद्याभोवती मेहबूबभाईनं पितळेची पातळ कडी बसवली, कानशीनं घासून, राखेनं उजळून. पण नेमकं जुळवायचं तर गाडी चालती हवी, कारण उभी असताना इंजिन वेगळं बोलतं आणि ओझं ओढताना वेगळं. म्हणून मेहबूबभाई पेचकस घेऊन पाळण्यात पालथा, दादा माझ्या मागच्या सीटवर, आणि हँडलवर मी. असं का, तर मूठ हातात असली की आवाजातला बदल हाताला आणि कानाला एकाच वेळी कळतो, असं दादाचं म्हणणं. लुगड्याचा काच्या, म्हणजे कासोटा, मारून मी रामाळ्याच्या मैदानात पहिल्यांदा गाडी चालवली ती अशी, रांगणाऱ्या मुलाच्या गतीनं.

"अब?" मेहबूबभाई खालून ओरडायचा.

"मूठ सोडताना अडखळून राह्यली," मी म्हणायची.

"और अब?"

"आता भरल्यासारखी वाटते. थोडी हवा पायजे."

पाव फेरा, अर्धा फेरा. हँडलवर हवेचा एक खटका होता, तो अंगठ्यानं पुढेमागे करून इंजिनला वाटेत कमीजास्त हवा देता यायची. एका क्षणी सगळं जुळलं. आवाज एकदम सपाट, संथ झाला, मांजर मांडीवर घुरघुरावं तसा. मी मूठ जवळजवळ मिटली तरी गाडी चालतच राहिली. काठावर धुणं धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

होळी झाल्यावर दादा आणि मी निघालो. चामोर्शीला मामाचं घर होतं, तिथे उन्हाळाभर राहायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी सोबतीला बाईमाणूस हवं असा आग्रह धरला होता, म्हणून मी. वैनगंगेवर दोन डोंगे एकमेकांना बांधून त्यावर गाडी चढवली तेव्हा नावाडी म्हणाला, "मोटार बुडली त मी जबाबदार नाई, तुमी बुडल्या त काढतो." पलीकडे मोहाचे दिवस सुरू होते. पहाटे रानभर बायका-पोरं वाकून फुलं वेचत, आणि हवेत तो गोड, जड, किंचित आंबलेला वास. मामीच्या अंगणात मोहफुलं वाळत पडलेली असायची. ती भाजून, तीळ घालून कुटलेले लाडू मी त्या उन्हाळ्यात इतके खाल्ले की आता दुकानातली कोणतीही मिठाई मला फिकी लागते.

पहिले काही फेरे सोपे गेले. मग एका सकाळी जंगलातल्या एका माडिया आदिवासी गावाहून जुरी नावाच्या पोरीचा नवरा पळत आला. जुरी परवापासून अडली होती. दादा, बाई आणि मी निघालो. बाई आणि जुरीचा नवरा पाळण्यात, मी दादाच्या मागे. वाटेतच दादाची पाठ मला गरम लागायला लागली. मी विचारलं तर म्हणाला, "ऊन हाये." गावात पोहोचेपर्यंत त्याचे दात वाजत होते. हिवतापानं नेमका तो दिवस धरला होता. आमच्या भागात तेव्हा हिवताप पाहुण्यासारखा यायचा, पण त्या दिवशी तो असा आला की दादा एका झाडाखाली घोंगडी पांघरून बसला आणि झाडासकट थरथरतोय असं वाटलं.

बाई झोपडीतून बाहेर आल्या. हात धुता धुता म्हणाल्या, "मूल आडवं आहे. भूल देऊन फिरवावं लागेल, ते इथं नाही होणार. आत्ता निघायला हवं."

जुरीला पाळण्यात निजवलं. माझ्याच वयाची असेल. ओठ पांढरे पडलेले, पण डोळे सताड उघडे, आणि ती ओरडत नव्हती. दादा उठला, गाडीवर बसला, लाथ मारली. इंजिन चालू झालं, पण मुठीवरचा त्याचा हात थाडथाड उडत होता आणि त्याबरोबर गाडीही उडत होती. आचका बसला तशी जुरी कण्हली.

"वामनराव, उतरा," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"चालवतो मी... बाई, एक मिनिट..."

"उतरा."

दादानं माझ्याकडे पाहिलं. तापानं लाल झालेले डोळे. मी मान हलवून नाही म्हणत होते, मला आठवतं. मैदान वेगळं आणि रान वेगळं. तो घोंगडी सावरत उतरला आणि म्हणाला, "शांते, तूच ने. दुसरा इलाज नाई." मग जवळ येऊन, दातांवर दात आपटत, "नाल्यात रेती हाये. तिथं थांबू नोको. मूठ नोको पिळू. आयकत जा, बस."

मी काच्या आवळला आणि बसले. बाई माझ्या मागे बसल्या. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा खाली जुरीच्या कपाळावर.

ती वाट मी पुढे शेकडो वेळा गेले, पण त्या दिवसाचं तिचं प्रत्येक वळण मला वेगळं आठवतं. सागाची पानं झडलेली, सगळीकडे चुरचुर. गाडी इतकी हळू चालली होती की जुरीचा नवरा शेजारून नुसता चालत होता, तिचा हात हातात धरून. नाला आला. कोरडी, जाड, पांढरी रेती. चाक शिरताच इंजिनचा आवाज खाली बसायला लागला, घशात काही अडकल्यासारखा. मूठ पिळावी असं हाताला इतकं वाटत होतं! पिळली असती तर चाक जागच्या जागी फिरून रुतलं असतं. मी अंगठ्यानं हवेचा खटका थोडा मागे घेतला. आवाज भरला. अजून थोडा. पुन्हा हलका झाला की पुढे. मला रेती दिसतच नव्हती, मी नुसती ऐकत होते. मधोमध एकदा इंजिननं जवळजवळ श्वास टाकला, एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा ठोका. जुरीच्या नवऱ्यानं तिचा हात सोडला, मागे गेला, पाळण्याला खांदा लावला आणि काही तरी ओरडला. त्यांची माडिया गोंडी मला कळत नव्हती, पण ते कळलं. गाडी पलीकडच्या काठावर चढली. बाईंचा माझ्या खांद्यावरचा हात दुखेपर्यंत घट्ट झाला होता, तो तेव्हा सैल झाला.

चामोर्शीत त्या दिवशी बाजार होता. मिरच्यांचे ढीग, मडकी, कोंबड्या, आणि त्यातून लुगड्याचा काच्या मारलेली मुलगी मोटरसायकल चालवत येतेय. लोक बाजूला होत गेले, कुणी काही म्हणालं असेल तर मला ऐकू आलं नाही. दवाखान्याच्या दारात मी पेट्रोलची चावी बंद केली. कंपाउंडरनं आणि बाईंनी जुरीला आत नेलं. मी मागच्या लिंबाखाली गेले. मग तिथेच बसून राहिले. जुरीचा नवरा समोर उकिडवा बसला होता. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बऱ्याच वेळानं आतून बारीक, चिडका, कोरडा आवाज आला. तो माझ्याकडे बघायला लागला, बरोबर ऐकलं ना, असं विचारल्यासारखा. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला आणायला मी निघाले. मामा दारात आडवा उभा. "एकटी जातं काय रानात?" मामीनं भाकरीचं गाठोडं पाळण्यात ठेवलं आणि म्हणाली, "काल गाडी कोनं चालवली?" मामा बाजूला झाला.

दादा त्याच झाडाखाली होता. ताप उतरलेला, चेहरा पिवळा. गावानं त्याला रात्रभर आंबील पाजली होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"पोरगी झाली. दोघीई बऱ्या हायेत."

"नाल्यात बंद पडली?"

"नाई. पडत होती, पण नाई पडली."

"खटका कुठी ठेवला होता?"

मी हँडलवर दाखवलं. त्यानं जवळ येऊन पाहिलं, अंगठा तिथे ठेवला, थोडा पुढे, थोडा मागे. मग मान हलवली. मी सीटवरून उतरून त्याच्यासाठी जागा केली. तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि पाळण्यात जाऊन बसला.

त्या वाटेवर त्यानं एकदाच विचारलं, "शांते, मी नागपूरले गेलो त तू चालवशील डॉक्टरीणबाईची गाडी?" मी म्हटलं, "चालवीन." तो पावसाळा संपल्यावर खरंच गेला, आणि मी पुढची कितीतरी वर्षं बाईंची गाडी चालवली, लग्न झाल्यावरसुद्धा, त्या वर्षांचं सांगायचं तर वेगळं बसावं लागेल. पण त्या सकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नाल्याच्या उतारावर मी दादाकडे एकदा पाहिलं. पाळण्यात पाय पोटाशी घेऊन, मामीच्या भाकरीच्या गाठोड्यावर डोकं ठेवून तो गाढ झोपला होता. मी मूठ आणखी थोडी मिटली आणि गाडी आणखी हळू केली.